पुरात भिजलेली आणि नंतर जळालेली पद्मिनी : कोणता पत्रा वाचवावा, कोणता कापावा?

कृष्णाकाठ (धागाकर्ता), ९ नोव्हेंबर

सर्वांना नमस्कार. आमच्याकडे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी मोटार आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि त्यांच्या पश्चात ती मी सांभाळतो आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा ही गाडी गावभागातील आमच्या घराखाली चार दिवस पाण्यात उभी होती. पाणी स्टिअरिंगच्या वरपर्यंत आले होते. पूर ओसरल्यावर इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि आसने यांचे काम करून घेतले, परंतु वायरिंग नुसते वाळवून तेच ठेवले. ती चूक होती, हे आता कळते आहे.

गेल्या महिन्यात मिरजेहून परत येताना विश्रामबागेच्या अलीकडे बॉनेटखालून धूर येऊ लागला. इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या आडव्या पत्र्याला एक भोक आहे आणि त्यातून वायरिंगचा जुडगा आत जातो. तिथला रबरी बुश कुजला होता. बॅटरीकडून येणारी, फ्यूजच्या आधीची वायर पत्र्यावर घासून उघडी पडली आणि तिने पेट घेतला. लोकांनी रस्त्याकडेची माती टाकली, जवळच्या पेट्रोल पंपावरून कोरड्या पावडरीचे नळकांडे आणले आणि पाच-सहा मिनिटांत आग विझली. कोणालाही इजा झाली नाही.

आताची स्थिती अशी आहे. बॉनेटच्या मधल्या भागातला रंग पूर्ण जळून पत्रा राखाडी-पांढरा झाला आहे. तो भाग अंगठ्याने दाबला की टक् असा आवाज करून आत जातो आणि सोडला की पुन्हा वर येतो. डाव्या मडगार्डच्या वरच्या कडेला रंगाचे फोड आहेत. आडव्या पत्र्यावर काजळी आहे. जळालेल्या सगळ्या भागावर पंधरा दिवसांत तांबूस भुकटी जमली.

गाडी जॅकवर घेऊन खालून पाहताना उजव्या बाजूच्या दाराखालच्या पेटीला (दाराच्या उंबऱ्याखाली लांबवर जाणारी पत्र्याची पोकळ पेटी) स्क्रू ड्रायव्हरचे टोक लावले, तर ते काही जोर न लावता आत गेले. एका गॅरेजमध्ये मला असे सांगण्यात आले की बॉनेट बदलावे आणि दाराखाली वरून पट्टी मारून लांबी (पुटी) भरावी, म्हणजे काही दिसणार नाही. मला नेमके हेच नको आहे. कोणता पत्रा वाचू शकतो आणि कोणता कापलाच पाहिजे, हे ओळखायचे कसे?

पत्रेकाम मिरज, ९ नोव्हेंबर

दादा, मी ३२ वर्षे डेंटिंगचे काम करतो आहे. आपण बॉनेट पाहून घाबरला आहात, पण मला काळजी आहे ती दाराखालच्या पेटीची. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही. तिच्या अंगाचा सगळा भार फरशी, दाराखालच्या पेट्या आणि खांब मिळून पेलतात. बॉनेट वाकडे राहिले तर गाडी वाईट दिसेल, एवढेच. पेटी कुजली तर खड्ड्यात गाडी मधून वाकते आणि अपघातात दाराचा खांब आत येतो. म्हणून पैसे आधी कुठे लावायचे, हा प्रश्न माझ्या दृष्टीने सुटलेलाच आहे.

तरीही पहिले काम धुण्याचे. आज उशीर झाला असेल, तर उद्या सकाळी करा. विझवण्याची पावडर जिथे जिथे गेली आहे, तिथे ती हवेतला ओलावा ओढून घेते आणि पत्रा खाते. दोन पत्र्यांच्या सांध्यात, बॉनेटच्या आतल्या चौकटीत आणि हेडलाइटच्या मागे ती हमखास असते. आधी कोरडीच ब्रशने आणि हवेच्या दाबाने काढा, नंतर कपडे धुण्याच्या साबणाच्या कोमट पाण्याने दोनदा धुवा, स्वच्छ पाण्याने खळबळून काढा आणि लगेच उन्हात वाळवा. धुतल्यावर जिथे जिथे पत्रा उघडा दिसेल, तिथे तात्पुरता प्रायमर मारून ठेवा.

धातूशास्त्र शिकवलेला एक निवृत्त, १० नोव्हेंबर

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. धुण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वायरीवरचे पीव्हीसी आवरण जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो. तो ओलाव्यात विरघळला की त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते. हे आम्ल काजळीत मिसळून थंड पत्र्यावर बसते, म्हणजे ज्योत जिथे पोहोचलीच नव्हती तिथेसुद्धा. आपण पंधरा दिवसांत जी तांबूस भुकटी पाहिली, तिच्यामागे हे मोठे कारण आहे. डॅशबोर्डच्या मागचा भाग आणि वायपरच्या दांड्या अवश्य तपासा.

आता पत्रा कसा ओळखावा, याविषयी. गाडीचा पत्रा सौम्य पोलादाचा असतो आणि कारखान्यात थंड अवस्थेत दाबून त्याला आकार दिलेला असतो. त्या दाबण्यामुळेच त्याला ताठपणा येतो. साधारण ५५० ते ६५० अंश सेल्सिअसच्या पुढे काही वेळ गेला की आतले कण नव्याने रचले जातात आणि तो ताठपणा जातो. रंग त्याच्या पुष्कळ आधीच जळून जातो. त्यामुळे रंग जळाला म्हणजे पत्रा गेला, असे समजू नये. रंग खरवडल्यावर खाली पत्रा पिवळसर किंवा निळसर दिसला, तर तापमान ३०० अंशांच्या आसपासच राहिले होते आणि त्या पत्र्याला काही झालेले नाही. राखाडी खवले धरले असतील आणि पत्रा मऊ लागत असेल, तर मात्र तो लाल होण्याइतका तापला होता.

बॉनेट का फुगले, तेही सांगतो. पोलाद एका अंशाला दर मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढते. म्हणजे मीटरभर पत्रा ५०० अंशांनी तापला, तर तो ६ मिलिमीटर लांब होऊ पाहतो. भोवतालचा थंड पत्रा त्याला जागा देत नाही. मग काही भाग वर फुगून ताणला जातो, तर काही भाग जागीच दाबला जाऊन जाड होतो आणि थंड झाल्यावर भोवतालच्या पत्र्याला आत ओढतो. आपल्या बॉनेटमध्ये या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी घडलेल्या असतील.

कुपवाडकर, १० नोव्हेंबर

औद्योगिक वसाहतीत ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने बारीक कण मारून गंज आणि रंग काढणे) करून मिळते, म्हणून कोणी बॉनेट तिकडे नेण्याचा सल्ला दिला तर ऐकू नका. ओतीव कामासाठी असलेल्या दाबाने सपाट पत्रा मारला, की तो एका बाजूने ताणला जाऊन पापडासारखा वळतो. फरशीखालचे जाड तुकडे, बिजागऱ्या, ब्रॅकेट यांना चालते. तेही साध्या वाळूने करू नये, कारण तिच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो.

माहुली संगम, ११ नोव्हेंबर

मी साताऱ्याचा. माझ्या जुन्या जीपच्या बिजागऱ्या, बॉनेटची कडी आणि सीटच्या पट्ट्या मी उसाच्या मळीत (मोलॅसिसमध्ये) बुडवून साफ केल्या. एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी घेऊन पिंपात दोन आठवडे ठेवल्या. गंज सुटून आला आणि मूळ लोखंडाला ओरखडाही गेला नाही. वास फार येतो, त्यामुळे पिंप घरापासून लांब ठेवावे. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा ओतीव भाग त्यात टाकू नये, तो खाल्ला जातो. सांगलीत साखर कारखाने जवळच असले, तरी मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण आहे, म्हणून ती ओळखीने उचलून आणण्याची वस्तू नव्हे.

पत्रेकाम मिरज, ११ नोव्हेंबर

लहान भागांसाठी ठीक आहे. बंद पेटीत किंवा दुहेरी पत्र्यात कोणतेही असे द्रावण ओतू नका, मग ते मळीचे असो की गंज उतरवण्याचे आम्ल असो. आत गेलेले सगळे बाहेर येत नाही आणि वर्षभराने तिथूनच पुन्हा फोड येतो.

ठाण्याहून सांगलीकर, १२ नोव्हेंबर

बॉनेट बदलायचेच ठरले, तर मुंबईतून मिळू शकते. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालत नाही आणि मोडीत निघालेल्या टॅक्सींचे भाग अजून हाताला लागतात. मात्र नीट पारखून घ्या. खाऱ्या हवेत राहिलेल्या त्या पत्र्याच्या दुमडलेल्या कडा आतून गेलेल्या असतात. चुंबक घेऊन जा आणि कडेने फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे खाली लांबी आहे. माझ्या एका मित्राने वरून चकचकीत दिसणारे बॉनेट आणले आणि खरवडल्यावर कडेला नुसता रंगाचा आकार उरला.

कृष्णाकाठ, २४ नोव्हेंबर

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे दोनदा धुतले. डाव्या मडगार्डचा रंग खरवडला, तर खाली फिकट निळी झाक असलेला ताठ पत्रा निघाला, म्हणजे तो वाचला. आडव्या पत्र्यावर वायरिंगच्या भोकाभोवती तळहाताएवढा भाग खवलेदार आहे. बाकी चांगला आहे.

उजव्या पेटीविषयी मात्र आपला अंदाज खरा ठरला. खालची दुमड उघडण्यासाठी कारागिराने ग्राइंडरने वीतभर खाच पाडली आणि आतून गाळ बाहेर आला. वाळलेला, काळा, अगदी बारीक गाळ. तीन बोटे जाडीचा थर होता आणि तो कापलेल्या खरवसासारख्या सलग वडीने निघाला. कडेने पाहिले, तर त्यात फिकट आणि गडद अशा रेषा एकावर एक दिसत होत्या. रोज थोडे थोडे पाणी उतरले, त्याची ती नोंद असावी. वरून कोरडा वाटणारा तो गाळ मध्ये मोडल्यावर बोटाला ओलसर लागला. २०१९ चे कृष्णेचे पाणी इतकी वर्षे आत राहिले असे मी म्हणणार नाही, पण दर पावसाळ्यात तो गाळ पाणी पीत राहिला आणि पेटीला ओले ठेवत राहिला, हे स्पष्ट आहे. निचऱ्याची चारही भोके त्यानेच बुजली होती. मागच्या दुरुस्तीत आम्ही आसने काढली, गालिचे बदलले, फरशी पुसली. या पेटीत डोकावण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

ज्या कोणाची गाडी २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुरात सापडली असेल, त्यांनी कृपया आजच खाली वाकून ही भोके तारेने मोकळी करून पाहावीत.

पत्रेकाम मिरज, २४ नोव्हेंबर

आता कापण्यापूर्वी थांबा. पेटी कापली की गाडीला आधार राहत नाही. गाडी जॅकवर लटकवून काम करू नका. चारही चाकांच्या जागी सारख्या उंचीच्या घोड्या (लोखंडी टेकू) लावून ती पाणसळीत घ्या. दार लावून त्याच्या फटी वर, मध्ये आणि खाली मोजून लिहून ठेवा. मग दार काढून पुढच्या आणि मधल्या खांबांमध्ये लोखंडी अँगलची आडवी व तिरकी पट्टी डाग (वेल्डिंग) देऊन बसवा. एका वेळी एकच बाजू कापा. पेट्रोलची टाकी काढून बाहेर ठेवा आणि फरशीखालचे डांबर कापण्याच्या जागेपासून हातभर खरवडा, कारण ते पेटते आणि आतून पेटलेले दिसत नाही. पाण्याची बादली आणि भरलेले नळकांडे हाताशी असू द्या.

कापताना हात आखडता घेऊ नका. पत्रा ठोकल्यावर खणखणीत वाजतो तिथवर जा. टोकाशी कागदाइतका पातळ पत्रा शिल्लक ठेवला, तर डाग धरतच नाही, भोक पडत जाते. पेटीला १८ गेजचा नवा पत्रा वाकवून घ्या. जुन्यावर नवा चढवू नका. दोघांच्या मध्ये पाणी बसते आणि तीन पावसाळ्यांत तुम्ही पुन्हा माझ्याकडे येता.

तरुण कारागीर शंभर फुटी, २५ नोव्हेंबर

काका, आपला अनुभव मोठा आहे, तरी एक गोष्ट विचारतो. सांधा गॅसने जोडावा असे आपण मागे एका धाग्यावर लिहिले होते. मी सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) वेल्डिंग मशीनवर ०.८ मिलिमीटरची तार वापरतो. उष्णता कमी पसरते, भोवतालचा पत्रा ओढला जात नाही आणि शेजारचा रंगही कमी जळतो. पेटीसाठी मला तेच योग्य वाटते.

पत्रेकाम मिरज, २५ नोव्हेंबर

पेटीसाठी आपले म्हणणे मला मान्य आहे. तिथे सीओटूच वापरा, मात्र सलग रेघ ओढू नका. एक टाका इकडे, पुढचा वीतभर लांब, हात टेकवता येईल इतका तो थंड झाला की मग तिसरा. गॅसचा माझा आग्रह बॉनेट आणि मडगार्ड यांच्यासाठी आहे. तिथे सीओटूचा टाका कडक होतो, त्याला हातोडीने पसरवता येत नाही आणि घासून काढताना शेजारचा पत्रा पातळ होतो. गॅसचा सांधा मऊ असतो, मागे डोली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून ठोकला की पत्र्यात मिसळून जातो. पितळी डाग मात्र दोन्ही ठिकाणी नको. जिथे एकदा पितळ गेले, तिथे पुढे लोखंडाचा डाग धड बसत नाही.

धातूशास्त्र शिकवलेला एक निवृत्त, २६ नोव्हेंबर

दोघांचेही बरोबर आहे. सीओटूचा टाका फार वेगाने थंड होतो आणि तारेत मँगनीज व सिलिकॉन जास्त असते, म्हणून तो कडक लागतो.

एक गोष्ट विषयाला धरूनच नोंदवतो. ज्या प्रीमियर कंपनीने ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली, ती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभी केली आणि विश्रामबागेतील आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. तिथे या गाडीचा पत्रा समोर ठेवून मुलांना उष्णतेचे परिणाम शिकवता आले तर मला फार आनंद होईल. कापलेले जळके तुकडे कृपया टाकून देऊ नका.

एमएच दहा, २७ नोव्हेंबर

थोडक्यात एक सूचना. चासी नंबर ज्या पत्र्यावर ठोकलेला आहे, तो पत्रा कापू नका, घासू नका आणि त्यावर लांबी चढवू नका. काम सुरू करण्याआधी नंबरचा पेन्सिलने ठसा घ्या आणि फोटो काढून ठेवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्या वेळी नंबर वाचता आला पाहिजे. रंग बदलणार असाल, तर त्याचीही नोंद करून घ्या.

कृष्णाकाठ, १९ जानेवारी

बरेच काम झाले, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

उजवी पेटी पूर्ण नवी झाली. डावीकडे फक्त मागचा वीतभर भाग कापावा लागला, कारण त्या बाजूला उतार असल्याने गाळ मागेच साचला होता. अँगल काढल्यावर उजव्या दाराची फट वर ५, मध्ये ५ आणि खाली ६ मिलिमीटर आली. कापण्यापूर्वी ती खाली ९ होती, म्हणजे गाडी खरोखरच मधून बसली होती आणि दार नीट लागत नाही म्हणून आम्ही इतकी वर्षे बिजागरीला दोष देत होतो.

बॉनेटविषयी कारागिरांनी मला समोर बसवून काम दाखवले. आधी त्यांनी डोळे मिटून तळहात फिरवला आणि खडूने दोन प्रकारच्या खुणा केल्या. जिथे पत्रा ढिला होता तिथे गोल आणि जिथे ओढलेला होता तिथे फुली. फुल्यांच्या जागी खाली डोली धरून हलक्या हातोडीने ठोकून पत्रा पसरवला. नंतर गोलांकडे वळले. गॅसच्या बारीक ज्योतीने रुपयाच्या नाण्याएवढा एकच ठिपका तांबडालाल केला, तो उकळीसारखा वर उचलला गेला, तोच लाकडी मोगरीने कडेकडेने चार-पाच ठोके देऊन तो खाली बसवला आणि लाली गेल्यावर ओले फडके टेकवले. चर्र झाले आणि भोवतालचा पत्रा ठिपक्याकडे आवळलेला मला डोळ्यांनी दिसला. धातूशास्त्राचे सर म्हणाले होते तीच गोष्ट. ज्या प्रसरणाने आगीत पत्रा बिघडला, तेच प्रसरण एका ठिपक्यात कोंडून त्याला सरळ केले. दोन दिवसांत असे चाळीसेक ठिपके झाले. आता अंगठ्याने दाबले तर आवाज येत नाही. मधला खवलेदार तुकडा, साधारण एक फूट बाय दीड फूट, मात्र कापूनच नवा घातला. त्यात जीव उरला नव्हता.

उघडा पत्रा ८० नंबरच्या पेपरने घासून, थिनरने पुसून त्याच दिवशी दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर मारला. थंडीत हवा कोरडी असल्याचा फायदा झाला. रेड ऑक्साइड स्वस्त पडला असता, परंतु त्यातून ओलावा आत शिरतो, म्हणून तो टाळला. लांबी प्रायमरच्या वर आणि एक-दीड मिलिमीटरपेक्षा जाड कुठेही नाही. वायरिंग पूर्ण नवे केले असून बॅटरीपासून वीतभर अंतरावर मुख्य फ्यूज बसवला आहे.

तरुण कारागीर शंभर फुटी, २० जानेवारी

पेटीच्या आत काय केलेत? बाहेर कितीही रंग मारला, तरी डागाच्या मागची बाजू उघडीच राहते.

कृष्णाकाठ, २० जानेवारी

लांब नळीच्या फवाऱ्याने आत पातळ मेण मारले आहे. मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा आत घालून प्रत्येक सांध्यावर ते पोहोचल्याची खात्री केली. निचऱ्याची भोके मेणाने बुजू नयेत म्हणून मारताना त्यांत काड्या खोचून ठेवल्या होत्या.

पत्रेकाम मिरज, २१ जानेवारी

छान केलेत. मेण दर दोन वर्षांनी पुन्हा मारा आणि पहिला मोठा पाऊस झाला की भोकांतून पाणी येते का, ते पाहा.

कृष्णाकाठ, १४ जून

काल संध्याकाळी तासभर मोठा पाऊस झाला. पाऊस थांबल्यावर गाडीखाली पुठ्ठा अंथरून पाहिले. उजव्या पेटीच्या चारही भोकांतून आणि डावीकडच्या तीन भोकांतून स्वच्छ पाणी ठिबकत होते. डावीकडचे चौथे भोक बंद होते. तार घातल्यावर मेणाची गुठळी निघाली आणि मागोमाग अर्धी वाटी पाणी आले.